ताटात उरलं तर बाद

ज्या वर्षी धाकटीचं लग्न ठरलं आणि काकूंचा भाऊ न्हाणीघरात घसरून, पाय मोडून घेऊन बहिणीकडे विश्रांतीला आला, त्याच वर्षी मापकाकांच्या छातीत जळजळायला लागलं. या तीन घटनांपैकी कुठल्या दोहोंचा एकमेकींशी संबंध आहे यावर घरात मतभेद होते. मापकाकांना मेहुण्याचा संशय होता. काकूंना तळलेल्या बटाट्यांचा.

मापकाका म्हणजे वजनमापे कार्यालयातले निरीक्षक. खरं नाव पगारपत्रकापुरतं उरलं होतं. इमारतीतली पोरंटोरंसुद्धा त्यांना मापकाका म्हणत. ते बाजारात शिरले की दुकानदार उगाचच तराजू पुसायला लागत. कुणाचं पारडं केसभर खाली असलं तरी त्यांना रस्त्याच्या पलीकडून दिसायचं. पण जगाचं माप तपासणाऱ्या या गृहस्थांचं स्वतःचं माप ताटावर बसलं की हमखास चुकायचं. तळलेले बटाटे, त्यांवर लसणाची चटणी, जेवणावर कॉफी, कॉफीवर चॉकलेटची वडी आणि वडी विरघळायच्या आत माणूस आडवा. आडवे झाले की पोटातलं सगळं आंबट होऊन घशाशी भेटायला यायचं.

एरवी हे दुखणं त्यांनी मिरवलं असतं. मागे कंबर धरली होती तेव्हा तळमजल्यापर्यंत सगळ्यांना ती कंबर तोंडपाठ झाली होती. पण या खेपेला मेहुणा आडवा आला. प्लास्टरमधला पाय उशीवर ठेवून तो गंभीरपणे म्हणाला, "भाऊजी, लग्न होईपर्यंत छातीचं नाव काढू नका."

"का? जळजळ तर आहे."

"तुम्ही जळजळ म्हणाल, ते हृदयविकार समजतील. मग मुलीच्या रक्तात शोधत बसतील. मुलाचे वडील बंबावरचे अधिकारी आहेत. त्या घरात कुणाला सर्दीसुद्धा होत नाही म्हणे."

ते खरं होतं. होणारे व्याही अग्निशमन दलातून निवृत्त झालेले. रुंद खांदे, जाड मिशा आणि हसणं असं की कपबशा हलाव्यात. जळत्या गोदामातून त्यांनी माणसं खांद्यावर टाकून बाहेर आणली होती. घरात त्यांचा उल्लेख 'बंबवाले' असाच व्हायचा. धाकटी आणि त्यांचा मुलगा एकाच बँकेत समोरासमोरच्या खिडक्यांत बसत आणि गिऱ्हाइकांच्या डोक्यांवरून एकमेकांकडे बघत. आपल्या एका करपट ढेकरापायी हे लग्न मोडलं, तर पोरगी उद्या समोरच्या खिडकीकडे कुठल्या तोंडाने बघणार? या विचाराने मापकाकांच्या छातीत आणखी जळजळलं. तोंड बंद ठेवायचं ठरलं.

आणि नेमका त्याच दिवशी बंबवाल्यांचा फोन आला.

"येत्या रविवारी दुपारी हॉलवर आचाऱ्याकडे चवीचं जेवण ठेवलंय. लग्नाचा अख्खा बेत दोन्ही घरांनी मिळून खाऊन बघायचा. काय म्हणता?"

"म्हणायचं काय त्यात? येतो की."

"एकही पदार्थ सोडायचा नाही हं."

"सोडतोय कोण," मापकाका म्हणाले, फोन ठेवला आणि तांब्याभर पाणी प्यायले.

झालं. रविवारच्या आत छाती दुरुस्त करायची, एवढंच काम होतं. गुपचूप करायचं होतं, म्हणून संध्याकाळपर्यंत अख्ख्या इमारतीला कळलं. मेहुण्याचा पाय जायबंदी होता, जीभ नव्हती, आणि त्याच्या खाटेला लागूनच खिडकी होती.

पहिले आले खालचे पोस्टवाले. जन्मभर दुसऱ्यांची पत्रं योग्य ठिकाणी पोचवल्यामुळे सल्लाही योग्य ठिकाणी पोचवणं हे ते कर्तव्यच मानत. त्यांनी पेपरमिंटच्या गोळ्यांची पुडी आणली. "दोन चघळा. आत कसं थंडगार वाटेल बघा." मापकाकांनी दोन चघळल्या. तोंडात हिवाळा आला आणि छातीत उन्हाळा वाढला. पोटाच्या वरच्या टोकाला एक झाकण असतं म्हणतात. पेपरमिंटने ते झाकण सैल पडतं, ही गोष्ट पोस्टवाल्यांच्या कानावर अजून आली नव्हती.

"वाढलं," मापकाका कण्हत म्हणाले.

"मग चार घ्या."

त्यानंतर थंड दूध झालं. दुधाने घटकाभर असा आराम पडला की मापकाकांनी दुधाची जाहीर स्तुती केली. स्तुती संपते न संपते तोच जळजळ परत आली आणि येताना भावंडांना घेऊन आली. मग खाण्याचा सोडा झाला. सोड्याने एवढा मोठा ढेकर आला की मेहुणा खाटेवरून ओरडला, "कोण पडलं?"

वरच्या मजल्यावरच्या शिकवणीबाई मात्र शास्त्र शिकवायच्या. त्यांनी आधी सगळं ऐकून घेतलं, इथेच त्या बाकीच्यांपेक्षा वेगळ्या पडल्या. मग म्हणाल्या, "तळलेलं, कॉफी, चॉकलेट आणि टोमॅटो बंद करा. थोडं थोडं जेवा. जेवून लगेच आडवं व्हायचं नाही. झोपताना डाव्या कुशीवर आणि पलंगाची उशाकडची बाजू वीतभर उंच. पाणी चढावर चढत नाही, तसं आम्लही चढत नाही. आणि महिनाभरात थांबलं नाही तर डॉक्टर."

सल्ला बरोबर होता, हाच त्याचा दोष. त्यातलं जे सोडायचं होतं ते कुणाच्याच कानांत शिरलं नाही. लोकांना काय घ्यायचं ते हवं असतं. सोडण्यात कसली आलीय मजा? पलंग उंच करायची कल्पना मात्र सगळ्यांनी उचलून धरली. त्यात सामान लागणार होतं, माणसं लागणार होती आणि दुसऱ्याच्या घरात घुसून पलंग उचलायला मिळणार होता.

पोस्टवाल्यांनी बागेच्या कडेच्या विटा सुचवल्या. पण इमारतीच्या सचिवांनी विटांसाठी लेखी अर्ज मागितला, वर विचारलं, "विटा परत करताना त्यांची उंची तेवढीच राहील याची हमी कोण देणार?" मापकाकांचा स्वाभिमान दुखावला. उंचीची हमी त्यांच्याकडे मागता? ते तडक कार्यालयात गेले आणि कोठारातून लोखंडाची दोन थोराड वजनं रिक्षात घालून घरी घेऊन आले. एका धान्यवाल्याकडून जप्त केलेली. आतून पोखरलेली, म्हणून खोटी. पण उंचीला दोन्ही अगदी सारखी. पलंगाच्या उशाकडच्या पायांखाली ती अशी चपखल बसली की मापकाकांनी दोन पावलं मागे सरून बघितलं आणि धन्य झाले.

जेवण झाल्यावर चाचणी घ्यायची ठरली. काकू आडव्या झाल्या. घटकाभर काही झालं नाही. मग त्या शांतपणे म्हणाल्या, "मी निघाले." आणि खरंच निघाल्या. चादर नवी होती, लग्नासाठी आणलेली गुळगुळीत. काकू चादरीसकट सावकाश पायथ्याशी जाऊन पोचल्या.

"चादरीचा दोष आहे," मेहुणा म्हणाला. "ताई, तू उठ. मी जड आहे, मी सरकणार नाही."

"तू झोप तिथेच," काकू म्हणाल्या. पण तोवर तो कुबड्या टाकून पलंगावर चढलाही होता. जड माणूस उशिरा सरकतो पण सरकायला लागला की थांबत नाही. प्लास्टरचा पाय थेट पायथ्याच्या दांड्यांमध्ये घुसला आणि अडकला. पोस्टवाल्यांनी साबण आणला. शिकवणीबाईंचा अख्खा वर्ग जिन्यात गोळा झाला. पाय सुटला तेव्हा टाळ्या पडल्या. या सगळ्या धामधुमीत मापकाका उभेच होते आणि जेवून उभं राहिल्यामुळे त्या दुपारी त्यांना जळजळ झाली नाही, ही गोष्ट कुणाच्याही ध्यानात आली नाही.

दुसऱ्या दिवशी कार्यालयात कोठारप्रमुख त्यांच्या टेबलापाशी येऊन उभा राहिला.

"साहेब, धान्यवाल्याच्या खटल्यातला पुरावा सापडत नाही."

"माझ्याकडे आहे."

"कुठे?"

"पलंगाखाली."

कोठारप्रमुखाने वही उघडली. "लेखी खुलासा द्यावा लागेल."

आयुष्यभर इतरांकडून खुलासे घेतलेल्या माणसावर ही वेळ आली. मापकाकांनी तीन कागद फाडले आणि चौथ्यावर लिहिलं, 'सदर वजने पोटाच्या कारणास्तव हलवण्यात आली होती.' कोठारप्रमुखाने ते वाचलं, पुन्हा वाचलं आणि म्हणाला, "ठीक आहे, पण चघळून खायची होती का साहेब?" वजनं रिक्षात बसून परत गेली. पलंग सपाट झाला. रविवार उजाडला.

शेवटचा उपाय म्हणून मापकाकांनी औषधाच्या दुकानातून गुलाबी गोळ्यांची दोन पाकिटं घेतली. एक सदऱ्याच्या खिशात, एक कोटाच्या. काकूंनी दारातच बजावलं, "नको ते खाऊ नका. थोडं टाका ताटात, कुणी मारणार नाही."

"बघू," मापकाका म्हणाले. मनातून ठरलंच होतं, प्रत्येक पदार्थाला नुसती जीभ लावायची.

पण त्या हॉलचा आचारी निराळा निघाला. पांढरा एप्रन, कानात अडकवलेली पेन्सिल आणि कपाळावर कायमची आठी. दोन्ही घरं समोरासमोर बसल्यावर त्याने आपली रीत सांगितली.

"मी कुणाला चव विचारत नाही. तोंड लाजेकाजेने खोटं बोलतं. मी ताट बघतो. ताटात उरलं तर पदार्थ बाद, लग्नात तो होणार नाही. पुसून खाल्लं तर कायम."

मापकाकांनी सदऱ्याचा खिसा चाचपला. गोळ्या जागेवर होत्या.

पहिलं टोमॅटोचं सूप. मापकाकांनी एक चमचा घेतला आणि थांबले. शेजारून धाकटी कुजबुजली, "बाबा, किती छान झालंय ना?" समोर बंबवाल्यांनी वाटी तोंडाला लावून रिकामी केली आणि मिशा पुसत त्यांच्याकडे पाहिलं. बघणं साधंच होतं, पण मापकाकांना त्यात प्रश्न दिसला. बंबावरचा माणूस सूप पितो आणि मुलीचा बाप पीत नाही? त्यांनी वाटी संपवली. आचाऱ्याने पेन्सिल काढून खूण केली.

मग तळलेले बटाटे आले, मिरचीत परतलेला कांदा आला, लसूण घातलेली वांगी आली, लोण्यात न्हालेला भात आला. मापकाकांनी घास घेतला की बंबवाले दोन घेत. बंबवाल्यांनी ताट पुसलं की मापकाका बोट फिरवत. बायकांचं खाणं मघाशीच संपलं होतं. आचारी त्यांच्या ताटांकडे ढुंकूनही बघत नव्हता. लढत दोन बापांची होती. कांद्यानंतर मापकाका हात धुण्याच्या निमित्ताने उठले आणि बेसिनपाशी दोन गुलाबी गोळ्या चावल्या. परत येताना बघतात तो बंबवाले उठून तिकडेच निघालेले.

"हात चिकट झाले," बंबवाले म्हणाले.

"कांदा तसाच असतो," मापकाका म्हणाले.

चॉकलेटचा केक आला तेव्हा दोघांच्याही कपाळावर घाम होता. संत्र्याच्या रसाचा पेला दोघांनीही एकदमच उचलला, फाशीच्या दोराला हात घालावा तसा. शेवटी कॉफी. कॉफी संपली. आचाऱ्याने वही मिटली आणि कितीतरी वर्षांत पहिल्यांदा त्याची आठी सैल झाली. "असे बाप मी पाहिले नाहीत," तो म्हणाला. "सगळे पदार्थ कायम."

आणि त्या विजयाच्या क्षणी काकूंच्या हातून चमचा खाली पडला.

मापकाका सभ्य गृहस्थ. ते वाकले. भरलेली घागर वाकवली की जे होतं तेच झालं. सूप, कांदा, केक, रस, कॉफी, सगळं एकत्र पेटून वर आलं. मापकाकांनी छाती धरली आणि ते खुर्चीच्या कडेला कलंडले.

"हार्ट," विहीणबाई म्हणाल्या.

बंबवाल्यांमधला जुना अधिकारी जागा झाला. "बाजूला व्हा," म्हणत ते झेपावले आणि मापकाकांना उचलून त्यांनी तीस वर्षांच्या सवयीने खांद्यावर टाकलं. मापकाकांचं पोट त्यांच्या खांद्यावर दाबलं गेलं. त्यावर मापकाका जे काही म्हणाले ते शब्दांत सांगण्यासारखं नाही. बंबवाले दाराकडे चार पावलं धावले. पाचव्या पावलाला त्यांनी स्वतःची छाती धरली, डोळे मोठे केले आणि दोघे व्याही हॉलच्या सोफ्यावर एकावर एक येऊन आदळले.

मुलाने घाबरून वडिलांच्या जुन्या केंद्रावर फोन लावला. रुग्णवाहिका आली. तिच्यामागे घंटा वाजवत बंबही आला, कारण साहेबांच्या छातीत आग आहे एवढाच निरोप पोचला होता. रस्ताभर माणसं गोळा झाली. आचारी एप्रनवरच फाटकात उभा राहून सगळ्यांना सांगत होता, "अन्नात काही नाही. ताटं बघा. पुसून खाल्लीत."

रुग्णालयात दोघांच्या ढकलखाटा एकाच खिडकीपाशी अडल्या. आतला कारकून मान वर न करता विचारत होता.

"रुग्ण कोण?"

"आम्ही दोघे," मापकाका झोपल्या झोपल्या म्हणाले.

"सोबत जबाबदार नातेवाईक?"

"बायका घाबरल्यात, पोरं त्यांना घेऊन बाहेर बसलीत. माझे हे आहेत."

"आणि यांचे?"

"मी."

"नातं काय?"

"व्याही."

कारकुनाने मान वर केली. "मुलांचं लग्न झालंय?"

"अजून नाही."

"मग व्याही कसे? होणारे व्याही असा रकाना नाही. ओळखीचे लिहू?"

आता छातीचं सगळं उघडं पडलं होतं. रकान्यात काय पडणार ते त्यांच्या हातात नव्हतं. त्यांनी शेजारच्या खाटेकडे पाहिलंच नाही. तेवढ्यात तिकडून कण्हत आवाज आला. "ओळखीचे काय? व्याही लिहा. आज नाही तर महिन्याने होतीलच. की तुम्ही महिनाभर आम्हाला इथेच ठेवणार?"

कारकुनाने व्याही लिहिलं.

मग तारा लावल्या, कागदाच्या पट्ट्या निघाल्या. नियम असा की छातीत दुखतं म्हणून आलेल्याने पायांवर चालायचं नाही, त्यामुळे दोघांना चाकाच्या खुर्च्यांतून शेजारशेजारच्या खाटांवर नेलं. नर्सबाईंनी कोट आणि सदरे काढून घेतले, खिसे रिकामे केले. मापकाकांच्या खिशांतून गुलाबी गोळ्यांची दोन पाकिटं निघाली. बंबवाल्यांच्या खिशांतून तीन. रंग तोच, कंपनी तीच. नर्सबाईंनी पाचही पाकिटं एकाच ताटलीत ठेवली आणि विचारलं, "यातलं कुणाचं कुठलं?"

मग बंबवाले छताकडे बघत म्हणाले, "ज्यात चार कमी आहेत ते माझं. दोन कांद्याच्या वेळच्या, दोन केकच्या आधीच्या."

"कधीपासून?" मापकाकांनी विचारलं.

"नोकरीत होतो तेव्हापासून. घंटा वाजली की अर्ध्या जेवणावरून उठून पळायचं, परत आलं की उरलेलं गिळायचं. पण बंबावरच्या माणसाने छातीत आग आहे असं कुणाला सांगायचं? लोक हसतील. शिवाय ही म्हणाली, मुलीकडच्यांना वाटेल मुलगाही आतून पोकळ."

"आमच्याकडे मेहुणा म्हणाला, मुलीच्या रक्तात शोधतील."

"सुपाच्या वाटीशी तुम्ही थांबला होतात ना? मला वाटलं, आता हे सोडणार, मीही सोडतो. तर तुम्ही सगळं प्यायलात."

"तुमच्यामुळे प्यायलो."

"आणि मी सगळं तुमच्यामुळे."

डॉक्टर आले तेव्हा दोन्ही रुग्ण हसत होते आणि हसताना छाती धरत होते, त्यामुळे डॉक्टरांनी पुन्हा पट्टी काढायला लावली. दोन्ही हृदयं ठणठणीत निघाली. डॉक्टरांनी शिकवणीबाईंनी सांगितलं होतं तेच शब्दाशब्दाने सांगितलं आणि या वेळी त्यावर दोघांनी माना डोलावल्या.

सुटल्यावर पहिलं काम म्हणून मापकाकांनी आचाऱ्याला फोन केला. तिखट कमी करा, तळण कमी करा. आचारी म्हणाला, "तुमची ताटं बोललीत. आता तोंडाचं मी ऐकणार नाही." तेव्हा लग्नात सगळा बेत जसाच्या तसा झाला. पाहुण्यांनी बटाटे नावाजून नावाजून खाल्ले. मेहुण्याने कुबडी टेबलाला टेकवून तीनदा केक घेतला. धाकटी नवऱ्याच्या शेजारी उभी होती आणि आता मध्ये गिऱ्हाइकं नसतानाही सवयीने मान उंच करून बघत होती. दोघे व्याही मात्र स्वयंपाकघराच्या मागच्या पायरीवर ताठ बसून मऊ भात आणि उकडलेला भोपळा खात होते. आचाऱ्याने दोनदा येऊन बघितलं. दोन्ही ताटं पुसलेली होती. त्याने कपाळाला हात लावला आणि भाताचीही खूण केली.

त्यानंतर रोज दुपारी जेवणं झाली की मापकाकांकडे फोन वाजायचा. "बोला व्याही, काय काय जळालं आज?" मापकाका उभ्यानेच खरं ते सांगायचे. कधी शांत, कधी थोडं धुमसतंय. खोटं बोलायचं काही कारण उरलं नव्हतं. दोघांनी एकाच सुताराकडून पलंगाखाली लाकडी ठोकळे करून घेतले, त्यांची उंची मापकाकांनी स्वतः तपासली. बंबवाल्यांनी चॉकलेट सोडलं. मापकाकांना ते कधीच पूर्ण जमलं नाही आणि ते तसं फोनवर कबूलही करायचे.

धाकटीची मुलगी पहिलीत गेली त्या वर्षी, थंडीच्या सुरुवातीला, एका बुधवारी पहाटे बंबवाले गेले. मूत्रपिंडाच्या विकाराने गेले. छाती शेवटपर्यंत निकोप होती, असं डॉक्टरांनी सांगितलं.